जमीन ओली होती

तात्यांनी कोणाच्या हातात उभ्याने कागद दिलेला मी पाहिला नाही. कोर्टाचे बेलिफ होते ते. समन्स, नोटिसा, हुकूम घेऊन गावोगाव, पाड्यापाड्यावर जाणं हे त्यांचं काम. दारात पोचले की आधी चपला काढायचे, ओटीवर टेकायचे, पाणी मागून प्यायचे, गुराढोरांची चौकशी करायचे आणि मग पिशवीत हात घालायचे.

"उभ्यानं कागद दिला ना, तर माणसाचं आधी गुडघं जातात," ते सांगायचे. "बसल्यावर दे. मग काय ते होऊ दे."

मी त्याच कोर्टात नवा कारकून होतो. शहापूरहून मुरबाडची एसटी पकडायचो. किन्हवली मागे पडली की दोन थांब्यांनंतर तात्या चढायचे. मी कल्याणच्या कॉलेजातून मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालोय, हे त्यांना कोणीतरी सांगितलं आणि तेव्हापासून रोज सकाळी त्या बसमध्ये माझी तोंडी परीक्षा सुरू झाली.

"नोटीस घ्यायच्या आधी माणूस हात पुसतो. हात कोरडं असलं तरी पुसतो. असं का करतो रे माणूस?"

"ज्याला वाचता येतं तोच इचारतो, काय लिवलंय म्हणून. ज्याला येत नाय तो गपचूप घेतो नि टोपीत ठेवतो. असं का?"

मी आठवून आठवून दोन-चार वाक्यं म्हणायचो. ते शांतपणे ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "हे तुझ्या पुस्तकातलं झालं. आता खरं काय ते सांग." खरं मला कुठं ठाऊक होतं? मी खिडकीबाहेर बघायचो आणि ते हसायचे.

वाईट बातमी घेऊन आलेल्याला लोक चहा विचारतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. तात्यांनी तो चहा आयुष्यभर घेतला. एकदा एका घरी बाई म्हणाली, "मालक गावाला गेलेत." मालकांच्या वहाणा उंबऱ्याशीच होत्या आणि आतल्या कणगीमागून खोकला ऐकू येत होता. तात्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बाय, आत जो कोण नाय, त्याला आल्याचा रस दे. छातीत कफ झालाय." दुसऱ्या दिवशी मालक स्वतः कोर्टात आले आणि सही करून नोटीस घेऊन गेले.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो, ती सांगतो.

मुरबाडच्या बाजूच्या एका गावात दोन भावांचा वाटणीचा दावा नऊ-दहा वर्षं चालला होता. निकालात घर धाकट्याच्या वाट्याला आलं आणि थोरल्याला शेतावरच्या खोपीत जाणं भाग पडलं. कब्जा देण्याचा हुकूम निघाला. तो बजावायला तात्या गेले आणि कागदपत्रं लिहायला मी त्यांच्याबरोबर होतो. डिसेंबरची सकाळ होती. धाकटा भाऊ, त्याचा वकील आणि दोन पंच अंगणात उभे होते.

थोरल्याचं सामान आधीच बैलगाडीत चढलं होतं. तो स्वतः गाडीपाशी पाठ करून उभा होता. त्याची बायको मात्र घरात होती. तात्या दारात गेले आणि तिथेच थबकले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. ती बाई जमीन सारवत होती. बादलीत शेण कालवलेलं होतं. आतल्या भिंतीपासून मागे सरकत, एकसारखा हात फिरवत ती दाराकडे येत होती. रडत नव्हती, कोणाला शिव्याशाप देत नव्हती.

"वहिनी," तात्या म्हणाले, "आटपा आता."

तिने वर पाहिलं नाही. "होतंच आलंय भाऊ. ओल्यावर पाय नका ठेवू. ठसं उठतील."

शेवटचा हात तिने उंबऱ्यापाशी फिरवला, बाहेर आली, रांजणातल्या पाण्याने हात धुतले आणि गाडीत जाऊन बसली. गाडी निघून गेली.

वकील म्हणाला, "चला, आत जाऊ, पंचनामा करू."

तात्या उंबऱ्याबाहेर बसले. "जमीन सुकू दे."

"अहो, मला दुसऱ्या कोर्टात तारीख आहे!"

"मग तुमी या जाऊन."

वकिलाने खूप आरडाओरडा केला. थोड्या वेळाने धाकट्या भावाने मात्र पायातल्या चपला काढल्या आणि तो अंगणातच, तात्यांपासून हातभर अंतरावर बसला. ऊन आत सरकेपर्यंत, म्हणजे दुपार होईपर्यंत, आम्ही सगळे त्या दाराबाहेर होतो.

वकिलाने तक्रार केली. तात्यांना लेखी खुलासा द्यावा लागला. विलंबाचं कारण म्हणून त्यांनी एवढंच लिहिलं, "जमीन ओली होती." नाझर, म्हणजे बेलिफांचे वरिष्ठ, कपाळाला हात लावून म्हणाले, "तात्या, नोकरीचं दीड वर्ष राहिलंय. जरा बरं कारण लिहा." तात्यांनी बदललं नाही. न्यायाधीश साहेबांनी तो कागद वाचला आणि पुढे काही कारवाई न करता फाइलला लावायला सांगितला.

त्या संध्याकाळी बसमध्ये तात्या म्हणाले, "जे घर दुसऱ्याचं झालं, ते ती का सारवीत होती रे?" त्या दिवशी मी पुस्तकातलं काही सांगितलं नाही.

तात्यांबद्दल माझ्या मनात तेव्हा जो आदर निर्माण झाला, त्यातूनच पुढचा मूर्खपणा घडला. त्यांच्या थांब्यावर दर सोमवारी एक म्हातारे गृहस्थ चढायचे. तात्यांपासून दहा पावलं दूर उभे राहायचे आणि बसमध्ये पार मागे जाऊन बसायचे. तेच नाक, तीच मान किंचित वाकडी करून चालायची लकब. मी कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, "सख्खे भाऊ हायेत. हा थोरला. बारा वरसं झाली, बोलत नाय."

मी एका सकाळी तात्यांना सरळ विचारलं. "तुम्ही सगळ्या जगाला विचारता, माणूस असं का करतो. मग भावाशी का बोलत नाही?"

ते म्हणाले, "त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका त्यानं गडीमाणसाच्या हाती धाडली. सख्ख्या भावाला. मी आयुष्यभर परक्यांच्या दारात बसून कागद देतो, नि ह्याचा गडी उंबऱ्यावर टाकून गेला." मग त्यांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या शेजारी बसेनासे झाले. महिनाभर मला एकही प्रश्न विचारला गेला नाही. तो महिना मला जड गेला.

पुढच्या हंगामात, भाताची झोडणी चालू असताना, तात्या एका दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "शहापूरच्या दवाखान्यात ठेवलंय त्याला. छातीत दुखलं म्हणं." मग म्हणाले, "तू येतोस? तू पुढं हो. मी मागनं येतो."

वॉर्डात मी पुढे झालो. थोरले उशीला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या मागे पाहिलं. तात्या खाटेच्या पायथ्याशी, लोखंडी दांडीला धरून उभे राहिले.

"भात झोडलं का?" थोरल्यांनी विचारलं.

"अर्धं झालंय."

"माझं तसंच पडलंय शेतात."

"उद्या घेतो मी."

"भारे उंच रच. खाली ओल हाय."

"रचतो."

एवढंच. थोरल्यांनी खाटेवर पाय जरा आखडून घेतले, जागा केली. तात्या तिथे बसले.

बाहेर आल्यावर ते झाडाच्या पारापाशी उभे राहिले आणि त्यांना रडू आवरेना. "मी बारा वरसं काय काय ठरवून ठेवलं होतं, पहिलं काय बोलायचं, कसं बोलायचं. नि त्यानं भाताचं इचारलं रे. एवढं सोपं होतं. कळलंच नाय."

थोरले बरे झाले. तात्या निवृत्त झाले. माझी बदली झाली, तरी अधूनमधून भेट व्हायची. दोघे भाऊ दुपारी एकाच ओटीवर दिसायचे. फार बोलत नसत. एकजण वाखाची दोरी वळायचा, दुसरा बघत राहायचा.

मग एका उन्हाळ्यात निरोप आला. तात्या सकाळी विहिरीवर गेले आणि तिथेच कोसळले. मला कळलं तेव्हा चार दिवस होऊन गेले होते. मी गेलो. थोरले ओटीवर एकटे होते. ते माझ्याशी आंब्यांबद्दल बोलले, पुलाच्या कामाबद्दल बोलले. तात्यांचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

निघालो तेव्हा थांब्यापर्यंत सोडायला आले. शहापूरची बस आली. मी चढलो, तर मागोमाग तेही चढले आणि शेजारी बसले.

"कुठं जायचंय तुम्हाला?" मी विचारलं.

"कुठंच नाय. घरात बसवत नाय." त्यांनी कंडक्टरकडून किन्हवलीचं तिकीट घेतलं. मग समोर बघत म्हणाले, "दोन वरसं मिळाली आमाला. ती बारा असती तर..."

किन्हवली आली. ते दांडा धरून सावकाश उतरले, रस्ता ओलांडला आणि ज्या बाजूने आलो होतो तिकडे जाणाऱ्या बसची वाट बघत उन्हात उभे राहिले.