सुईला सगळ्यांचे हात

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत हो! चार शहाणी माणसं आणि एक हट्टी इंजिन एका टेबलाशी बसवा, वर्षभरात पोतं भरतं. आमच्या बुऱ्हाणपूरच्या विमान मंडळात तर शहाण्यांना तोटाच नव्हता.

मंडळ म्हणजे कोण? कापडवाले वामनराव, जसोंडीचे केळीवाले नानाभाऊ, आणि मी, शाळेत सायन्स शिकवणारा मास्तर. वामनरावांनी मुंबईहून लिंबाएवढं इंजिन आणलं होतं. ते लाकडी विमानाला लावायचं, विमानाला दोन तारा बांधायच्या, आणि गावच्या मैदानात मधोमध उभं राहून तारा धरून गोल उडवायचं. खेळ एवढाच. पण सगळं अडायचं त्या कार्बुरेटरवर! म्हणजे एक बारीक नळी आणि तिच्यात स्क्रूसारखी फिरणारी सुई. सुई आत गेली की तेल कमी, बाहेर आली की जास्त. केसभर चुकली की इंजिन फुरफुरून गप्प.

*

इंजिनाला तेल लागायचं ते ईथर, रॉकेल आणि एरंडेल मिसळून. एरंडेल आणायला वामनराव चक्क डबा घेऊन गेले. दुकानदाराने डबा बघून काळजीने विचारलं, "शेटजी, घरी सगळ्यांनाच त्रास आहे का?"

"घरी नाही हो, मंडळाला हवंय!"

आम्ही खो खो हसलो. त्या दुपारी सुई जमेना, म्हणून तिघं इंजिनावर वाकून बसलो. धूर नाकातोंडात, हात तेलाने माखलेले, आणि तशाच हातांनी भजी खाल्ली. दुसऱ्या दिवशी कापडाचं दुकान बंद, माझा वर्ग मोकळा, आणि नानाभाऊ केळीच्या बागेतून बाहेरच येईनात!

*

नानाभाऊंचा कान विहिरीवरच्या मोठ्या इंजिनाला सरावलेला. आमचं पिटुकलं नीट लागलं की डासासारखं किंचाळायचं. नानाभाऊ कासावीस व्हायचे. "बंद करा रे, दम लागला त्याले!" म्हणत सुई उघडायचे. मग इंजिन धक... धक... करत थांबायचं, आणि हे मायेने म्हणायचे, "आता बरं वाटलं असंल बिचाऱ्याले."

*

माझंही हसं झालंच म्हणा! एकदा मी फळाच मैदानात आणला. म्हटलं, समजून घेतल्याशिवाय कोणी सुईला हात लावायचा नाही. हवेचं प्रमाण, तेलाचं प्रमाण, बाण, आकृत्या... चांगला तासभर शिकवलं. तेलाच्या डब्याचं झाकण मात्र उघडंच राहिलं, आणि ईथर काय, उन्हात थांबतंय थोडंच! इंजिन ढिम्म.

वामनराव शांतपणे म्हणाले, "मास्तर, पुढचा धडा झाकण लावून शिकवा."

*

मग छप्पन्न साली नवा मध्य प्रदेश झाला. काल-परवापर्यंत आमचे अर्ज नागपूरला जायचे, आता भोपाळला. ग्वाल्हेरकडून तिवारीसाहेब तहसीलदार म्हणून बदलून आले आणि हुद्द्यानेच आमचे अध्यक्ष झाले. आल्याआल्या त्यांनी बॉम्ब टाकला. आमच्या मैदानावर केळीच्या गाड्या भरायचा अड्डा होणार होता.

"नए प्रांत के जलसे में भोपाल के मेहमान के सामने हवाई जहाज उड़ा, तो मैदान आपका. नहीं उड़ा, तो केले का!"

गावात तेवढी सपाट जागा दुसरी नव्हती. मैदान गेलं की मंडळ संपलं. नानाभाऊंची केळी त्याच गाड्यांतून जायची, तरी त्यांचेच डोळे आधी भरले.

त्यात सुईवरून आमची जुंपलेली साहेबांनी पाहिली. "नया प्रांत है! सबका हाथ लगना चाहिए." झालं, रीतच पडली. वामनराव सुई लावणार, मी थोडी आत घेणार, नानाभाऊ बाहेर काढणार, आणि शेवटी साहेब मनाला येईल तशी फिरवणार. एकाच भाजीत घरातल्या प्रत्येकाने मीठ टाकावं तशी गत!

वामनराव रडकुंडीला आले. "साहेब, एकालाच लावू द्या ना!"

"तानाशाही नहीं चलेगी!"

*

जलशाचा दिवस. वामनरावांनी सकाळपासून खपून सुई लावली. विमानाच्या नाकावरच्या पंख्याला बोट मारलं की इंजिन सुरू! असं गोड लागलं होतं की काय सांगू. त्यांनी ते बंद करून हात जोडले, "आता कोणी शिवू नका, पाया पडतो." मी हात खिशात घातले, नानाभाऊंनी पाठीमागे बांधले.

तेवढ्यात जीप आली. हारतुरे झाले, आणि तिवारीसाहेब पाहुण्यांना थेट विमानापाशी घेऊन आले. "श्रीमान, हमारी परंपरा है. पहला हाथ आपका!"

पाहुण्यांना वाटलं, फीत कापण्यासारखंच काहीतरी असेल. त्यांनी सुई धरली आणि फिरवली. फिरवतच राहिले. वामनराव "साहेब, साहेब" म्हणेपर्यंत अख्खी सुई त्यांच्या हातात आली!

तिवारीसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या मैदानाने वाजवल्या. पाहुण्यांनी सुई वर धरून दाखवली, आणि पेन लावावं तशी कोटाच्या खिशाला लावली.

मी साहेबांच्या कानाशी लागलो, "परत मागा ना!"

"मेहमान से? पागल हो गए?"

वामनराव बिचारे बोट सोलेपर्यंत पंखा फिरवत होते. पाहुणे वाकून कौतुकाने बघत होते. मग सरळ झाले आणि मोठ्याने म्हणाले, "वाह! इंजन चल रहा है और शोर बिल्कुल नहीं! मैदान मंडल का!"

पुन्हा टाळ्या. जीप सुईसकट भोपाळच्या रस्त्याला लागली.

धुरळा खाली बसला. नानाभाऊंनी पाठीमागचे हात सोडले, मैदानाकडे बघितलं, विमानाकडे बघितलं.

"मास्तर, जागा तं भेटली. आता तिच्यात उडवायचं काय?"