वखारवालीचा गळा

"उसवलंय तर उसवलंय म्हणावं, फॅशन म्हणू नये," असं काजमावशी येताजाता म्हणायची. गिऱ्हाइकाला म्हणायची, नवऱ्याला म्हणायची, आणि नव्या पुलाची भेग बघायला आलेल्या इंजिनिअरलाही एकदा तिनं हेच ऐकवलं होतं.

कपडे शिवणारी बाई. तिच्या हातचं काज इतकं देखणं, की बटण आत शिरताना लाजतं असं लोक म्हणत. त्यावरूनच नाव पडलं. बाजाराच्या वळणावर तिचं बोळकंडीएवढं दुकान. पुढे तिचं मशीन, मागे नवऱ्याचं इस्त्रीचं टेबल. ती बोलायची, तो वाफ काढायचा. संसार असा झकास चालला होता.

लाकडाच्या वखारीची मालकीण तिचं जुनं गिऱ्हाईक. पण झग्याचा गळा म्हणून तिला कधी पटायचा नाही. आज फार वर, उद्या फार खाली. शेवटी एका सकाळी मावशीनं मनाचा हिय्या करून कात्री चालवली आणि फोनवर बहिणीला ठणकावून सांगितलं, "वखारवालीचा गळा कापला बाई एकदाचा! किती दिवस डोकं खात होती माझं."

दुकानाबाहेर सावलीला उभ्या असलेल्या एका माणसानं तेवढंच ऐकलं. नेमकं त्याच दिवशी वखारीला कुलूप, मालकिणीचा फोन बंद आणि तिचा भाचा हवालदिल. माणसानं ऐकलेलं भाच्याला सांगितलं, भाच्यानं फौजदाराला.

फौजदार दुपारी दुकानात शिरला. उकाडा होता. त्यानं टोपी काढून मशीनवरच्या कापडावर ठेवली आणि कपाळ पुसत विचारलं, "वखारवालीचा गळा तू कापलास?"

मावशीला वाटलं, गळा खोल झाल्याची तक्रार बयेनं थेट पोलिसांत नेली. ती कमरेवर हात ठेवून उठली.

"मीच कापला! या बाजारातल्या अर्ध्या बायकांचे मीच कापलेत. आजवर एकीनंही तोंड उघडलं नाही!"

झालं. भर बाजारातून, बेड्या घालून, तिला पायी नेलं. नवरा गरम इस्त्री हातात घेऊन मागे धावला, म्हणून त्यालाही दम दिला. कोठडीत ती विचारत राहिली, "मी केलं तरी काय?" उत्तर एकच मिळायचं, "तूच कबूल केलंस की."

दोन रात्रींनी वखारवाली परतली. गावाला कळू नये म्हणून फोन बंद करून ती शहरात नवे दात बसवायला गेली होती. ठाण्यात येऊन ती तोंडभर हसली. फौजदार हसला, शिपाई हसले, बाजार हसला.

मावशी हसली नाही. बाजारातून बेड्या घालून नेलेली बाई विनोद होऊन घरी आली होती. आता जो तो दुकानासमोरून जाताना गळ्याला हात लावायचा. "जपून हं, मावशी!" धरून नेलं ते चूक होतं, एवढं मात्र कुणी म्हणेना. ते वदवून घ्यायला तिनं फौजदारावर दावा ठोकला.

नवरा म्हणाला, "अगं, हसण्यावारी ने. पोलिसांशी कशाला वाकडं?"

"अहो, कोऱ्या झग्यावर तुम्ही इस्त्रीचा डाग पाडलात, तर मी हसते का?"

"नाही. आठवडाभर बोलत नाहीस."

"मग!"

तिची वकीलबाई म्हणाली, "असं काही बोललेच नाही म्हणा. दुसऱ्या बाजूकडे पुरावा नाही."

"बोलले ते बोलले. माझंच बोलणं मी कशाला उसवू?"

कोर्टात फौजदाराच्या वकिलानं ते वाक्य नाटकातल्यासारखं म्हणून दाखवलं. "बाजारातल्या अर्ध्या बायकांचे!" कोर्ट खदखदून हसलं. न्यायाधीशांनीही रुमाल तोंडाला लावला. दावा त्या हसण्यात वाहून जाणार, असं वाटून नवऱ्यानं डोळे मिटून घेतले.

मावशी सगळं ओसरेपर्यंत थांबली.

"झालं हसून? बेड्या होत्या तेव्हा रस्ताही असाच हसला होता. मी बोलले, नाकारत नाही. पण खुनासाठी माणूस धरायचा, तर मेलं कोण ते आधी बघावं ना? 'कशाचा गळा?' एवढं एक विचारायचं. दाखवला असता. समोरच पडला होता, यांच्या टोपीखाली."

न्यायाधीशांनी रुमाल खाली ठेवला. "फौजदारसाहेब, टोपी कुठं ठेवली होती?"

"मशीनवर."

"टोपीखाली काय होतं?"

"कापड."

"कसलं?"

फौजदारानं वकिलाकडे बघितलं. "बघितलं नाही, साहेब."

या वेळी कुणी हसलं नाही. निकाल वाचला गेला तेव्हा मावशीनं एक वाक्य पुन्हा वाचायला लावलं: ही अटक बेकायदेशीर होती. दुसऱ्यांदा ऐकताना तिनं डोळे मिटले होते, सुईत दोरा गेल्यावर मिटावेत तसे.

बाहेर पायऱ्यांशी फौजदार पुढे आला. "बाई, झालं गेलं विसरा. चला, जीपनं सोडतो घरी."

"विसरायचं की नाही, ते माझं मी बघेन," ती म्हणाली. "आणि रस्ता तुमच्यामुळे चांगला पाठ झालाय मला."

पदर न सावरता, मान खाली न घालता ती भर उन्हात बाजाराच्या दिशेनं चालू लागली. नवरा पायरीवरच उभा राहिला. इतक्या वर्षांत तिला पाठमोरी चालताना त्यानं कधी नीट पाहिलंच नव्हतं. जीपच्या उघड्या दाराशी फौजदारही बघत होता, आणि वळणाआड ती दिसेनाशी झाली तरी दोघांपैकी कुणी हललं नाही.