लेकीचा न काढलेला फोटो

सातव्या महिन्यात माझे पाय सुजले तेव्हा सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, आनंदच झाला. "सून अंगानं भरलीया, बाळबी तसंच गुटगुटीत हुणार," असं गल्लीभर सांगत सुटल्या. डोकं ठणकायला लागलं तर त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मग डोळ्यांपुढं चांदण्या चमकू लागल्या आणि स्वयंपाकघरातच मला झटका आला. कवठे महांकाळ ते सांगली हा रस्ता मला आठवतच नाही.

शुद्धीवर आले तर सगळा अंधार. लाईट गेलीय का, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बीपी फार चढून मेंदूला सूज आलीय. सिझर करून मुलगी बाहेर काढलीय. तुझी नजर काही दिवसांत परत येईल." झटके थांबवायची इंजेक्शनं भयंकर झोंबायची. सिस्टर आधी गुडघ्यावर टकटक करून पाय उडतो का बघायच्या, मगच सुई टोचायच्या. मी मुकाट सोसलं. मला लेकीचं तोंड बघायचं होतं.

ती काचेच्या पेटीत होती. मी आत्यांना म्हटलं, "मोबाईलवर तिचा फोटो काढून ठेवा. दिसायला लागलं की बघीन." फौजेतून नवराही फोनवर तेच सांगत होता. पण आत्या कुठल्या ऐकायला!

"बारशाआधी फोटू काढत न्हाईत. दिष्ट लागती. आधीच लय नाजूक हाय लेकरू."

लेक गेली. नजर त्यानंतर आली. आधी छताचा पंखा दिसला, मग आत्यांचा रडून सुजलेला चेहरा. मी त्यांना इतकं बोलले, की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बाहेर गेली. तो राग अजून गेलेला नाही. नवरा सुट्टीवर आला तेव्हा त्याला दाखवायलाही माझ्याकडं काही नव्हतं.

पण आत्यांशी अबोला धरून माझं भागत नाही. आमच्या घरात लेकीला पाहिलंय ते फक्त त्यांनी. भाकरी थापता थापता मीच विचारते, "आवं आत्या, नाक कसं हुतं तिचं?"

"तुज्यावानीच. शेंड्याला जरा वर," त्या दर वेळी सांगतात.

परवा मात्र म्हणाल्या, "बापासारखं. सरळ."

"आवं, माज्यासारखं म्हणाला हुता की तुमी!"

पदर डोळ्यांना लावून त्या म्हणाल्या, "मलाबी आता नीट आठवंना गं, बाय."