आत्याने इंग्रजीत सांगितलेली गोष्ट

गेल्या मे महिन्यात आत्या आमच्याकडे इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला राहायला आली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वाशीमच्या ज्युनिअर कॉलेजात तिने रिटायर होईपर्यंत इंग्रजी शिकवलं, लग्न केलं नाही आणि आम्हा भाचरांना व्याकरणात कधी सूट दिली नाही. मी लंडनचा बेत आखला होता, पण तिला एका खेड्यात जायचं होतं. दोनशे वर्षांपूर्वी तिथे एक लेखिका राहायची. तिच्या कादंबरीतला एक उतारा आत्याने अकरावीच्या मुलींना वर्षानुवर्षं शिकवला होता.

माझ्या नवऱ्याची शनिवारी ऑन-कॉल ड्युटी होती, म्हणून आम्ही दोघीच गाडीने निघालो. हमरस्ता सोडल्यावर रस्ता इतका अरुंद झाला की दोन्ही बाजूंची झुडपं आरशांना घासत होती. मग गवताने शाकारलेली दोन-चार घरं, एक पब, एक चर्च, आणि गाव संपलंच.

"एवढंच?" आत्या म्हणाली. "आमच्या कॉलेजचं आवार याच्याहून मोठं आहे. आणि मी पोरींना किती वर्णन करून सांगायचे!"

पण ती खूश होती. लेखिकेचं विटांचं घर आता म्युझियम आहे. समोरच्या खोलीत खिडकीजवळ एक छोटंसं टेबल होतं, त्यावर ती लिहायची म्हणे. खोलीत एक पांढऱ्या केसांच्या बाई माहिती द्यायला बसल्या होत्या. त्या गावातच राहतात आणि हौसेने हे काम करतात, असं त्यांनी सांगितलं. आत्याने टेबलाकडे बराच वेळ पाहिलं आणि मग त्यांना इंग्रजीत विचारलं, "खिडकी रस्त्यावर उघडते. तिला लिहिताना लोक दिसत असणार. मग लोकांनाही ती दिसायची का?"

"सॉरी?" बाई म्हणाल्या. त्यांना आत्याचे उच्चार कळले नव्हते.

मी मध्ये पडणार, तेवढ्यात आत्याने माझ्या हातावर हात ठेवला. "थांब. मला बोलू दे."

शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं अशा वर्गातल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. बाईंचा चेहरा उजळला. "दिसायची तर! म्हणून कोणी आलं की कागद झाकायची, असं म्हणतात."

आणि मग दोघींची जी गट्टी जमली! आत्याने सांगितलं की त्या उताऱ्यात बॉल होता, म्हणजे नाचाचा समारंभ, आणि पहिल्या वर्षी सगळ्या वर्गाला वाटलं की हा चेंडूचा खेळ आहे. "मग मी म्हटलं, पोरींनो, हे कांदेपोहे आहेत."

"व्हॉट इज कांडापोहे?"

आत्याने नीट समजावलं. मुलाकडची माणसं येतात, मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर येते, सगळे तिच्याकडे बघतात आणि तिने मान खाली घालून बसायचं. बाई टाळी वाजवून हसल्या. "म्हणजे सगळं हेच की! फक्त आमच्याकडे खायला इतकं चांगलं नसायचं." पाठीवर सॅक घेतलेलं एक जोडपं पुढच्या खोलीत निघालं होतं, तेही ऐकायला थांबलं.

"तुम्ही स्वतः बसलात का असं?" बाईंनी विचारलं.

"खूपदा," आत्या म्हणाली. "एका बँकेतल्या मुलाने मला पसंत केलं. घरात पेढे आले. मग तो म्हणाला, नोकरी सोडावी लागेल, आणि एवढी पुस्तकं बायकोला कशाला हवीत?"

"मग?"

"आय रिफ्यूज्ड."

सॅकवाल्या बाईंनी "ब्राव्हो!" म्हटलं. मी मात्र जागच्या जागी उभी राहिले. बँकेतल्या त्या स्थळाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत होते, पण आमच्या घरात ती अशी होती की नकार त्यांच्याकडून आला आणि बिचाऱ्या आत्याचं पुढे जमलंच नाही.

मागच्या बागेत बाकावर बसल्यावर मी तिला विचारलं.

"तुझ्या आजोबांनी तसं सांगितलं," ती म्हणाली. "मुलीनेच मोडलं असं कळलं तर पुढे कोणी येणार नाही, ही त्यांना भीती. मी म्हटलं, सांगा तुम्हाला हवं ते."

"आणि नंतर इतक्या वर्षांत?"

"मला कोणी विचारलंच नाही गं. जो तो आधीच वाईट वाटून घेऊन माझ्याशी बोलायचा. त्या बाईंनी सरळ विचारलं, मी सरळ सांगितलं."

"तुला वाईट नाही वाटलं कधी?"

"छे! दुसऱ्या दिवशी माझा पहिला तास होता. आवडता धडा." तिने चष्मा पुसला, डोळे कोरडे होते. "सांग तुझ्या बापाला. लाव फोन."

मी तिथूनच वडिलांना पुण्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आत्याने दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"ताई, तू नकार दिलास? तू?"

"हो रे."

"मी त्या माणसाला इतकी वर्षं शिव्या घालतोय! अगं, आणि मला तर तो केवढा आवडला होता."

"तुला त्याची स्कूटर आवडली होती," आत्या म्हणाली.

वडील इतके हसले की बागेतली माणसं वळून बघू लागली. नंतर ते नुसतं म्हणाले, "बरं केलंस, ताई." आत्या म्हणाली, "ते मला माहीत आहे." मग पर्स खांद्याला अडकवून ती उठली आणि चर्च बघायचं राहिलंय म्हणत माझ्यापुढे चालू लागली.