विमानाच्या बॅगेला कडता

"सर, ही बॅग बावीस भरतेय. लिमिट वीसचं आहे," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"मॅडम, तुमचा काटा बघून घ्या. आम्ही शिरूरहून वजन करून आलोय."

तिनं दुसरी बॅग ठेवली. बावीस. तिसरी, तीही बावीस. सगळ्या बॅगा सारख्याच जास्त भरतायत म्हटल्यावर काटा बिघडलाय याची मला खात्रीच पटली. "बघा! मी सांगतोय काय!" असं मी मागच्या रांगेलाही ऐकवलं. तिनं शांतपणे तीच बॅग शेजारच्या काट्यावर ठेवून दाखवली. तिथंही बावीस. काटा ठणठणीत होता.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. शिरूरच्या एसटी स्टँडसमोर माझं ट्रॅव्हल्सचं ऑफिस होतं. तोवर माझा सगळ्यात लांबचा प्रवासी अष्टविनायकाला गेलेला. मग वडगाव रासाईच्या चार जोडप्यांनी सिंगापूर काढलं. कांद्याला भाव मिळाला होता. पण अट एकच, स्वस्तात. मी दर पाडला तो जेवण वगळून. हॉटेलात फक्त नाश्ता, बाकी शिधा आपला. म्हणजे बॅगेतली बाजरीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि खिचडीचं सामान यांवर अख्खी टूर उभी होती. ते विमानतळावर राहिलं, तर सिंगापुरात जेवू घालायची सोय माझ्याकडे नव्हती. आणि वडगावात पुन्हा तोंड दाखवायची सोयही मला उरली नसती.

लिमिटच्या वर गेलं की विमानवाले किलोवर पैसे लावतात. त्या पैशात त्याच बॅगा नव्या आल्या असत्या. म्हणून मी निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या बॅगा मार्केट यार्डात ओळखीच्या आडत्याच्या गाळ्यावर नेल्या. तिथला तोलणार, म्हणजे गोणी काट्यावर चढवून वजन पुकारणारा माणूस, माझ्या वर्गातला दत्तू. तो पुकारत गेला, "अठरा! अठरा! अठरा हाय, घ्या!" मी खूश. दोन-दोन किलो जागा शिल्लक! लगेच प्रत्येकाच्या बॅगेत मी स्वतः निवडलेलं सामान कोंबलं. स्वेटर, कारण सिंगापुरात म्हणे सगळीकडे एसी. छत्री, टॉर्च, आणि साहेबी दिसावं म्हणून प्रत्येकाला एक टर्किश टॉवेल. दत्तूनं पुन्हा पुकारलं, "वीस!" आम्ही बॅगा बांधल्या.

हे सगळं मी काउंटरपाशी घाम पुसत सांगत होतो. ग्रुपमधले थोरले यशवंतआबा ऐकत होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "काट्यावर कोण व्हतं?"

"दत्तू."

आबांनी कपाळाला हात लावला. "आरं म्यानेजर, दत्तूनं कडता कापला की!"

कडता म्हणजे कांद्याच्या गोणीमागं माती, पाचोळा, बारदान अशी कारणं सांगून वजनातून दोन किलो सोडून द्यायची यार्डातली जुनी सवय. काट्यावर बावीस दिसले, की दत्तूच्या तोंडून वीसच निघतात. काट्यावर काय ठेवलंय, हे तो बघत नाही.

"पण आबा, विमानाच्या बॅगेला कसला कडता?"

"आमच्या कांद्याला तरी कसला असतुया?" आबा म्हणाले.

मागची रांग कुरकुरायला लागली. मी हुकूम सोडला, "प्रत्येकानं दोन किलो शिधा काढा."

आबांच्या हिराकाकू सरळ बॅगेवर बसल्या. "जेवान न्हाई निघायचं. तुमचं काय हाय ते काढा."

"काकू, स्वेटर लागेल."

"मेंढरामागं हिंडलेली माणसं हाईत आमी. थंडी आमाला नका शिकवू."

मग तिथंच, फरशीवर, मी स्वतःच्या हातानं कोंबलेलं सामान एकेक करून बाहेर आलं. स्वेटर, छत्र्या, टॉर्च, टॉवेल. ढीग पाहून मुलीनं विचारलं, "सर, हे सगळ्यांचं सेम कसं?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. ढीग बाहेर थांबलेल्या आमच्या जीपच्या ड्रायव्हरच्या हवाली झाला. बॅगा वीसवर आल्या. हिराकाकूंच्या खांद्यावर घोंगडी होती. ती कुणी तोलली नाही.

सिंगापुरात एसी होता, पण आम्ही हिंडलो रस्त्यानं, कारण रस्ता फुकट. थंडी कुणालाच वाजली नाही. पाऊस मात्र रोज दुपारी यायचा. पहिल्याच दिवशी त्यानं आम्हाला बसस्टॉपपासून दोन पावलांवर गाठलं. घोंगडी उलगडली. चारही बाया आत. आबा आणि बाकीचे गडी बाहेर, पण त्यांना टोप्या होत्या.

मी गाइड म्हणून हातात झेंडी धरून भिजत उभा होतो.

"या म्यानेजर," काकू आतून म्हणाल्या, "जागा हाय. दोन किलोची."

परत आलो तेव्हा ड्रायव्हरच्या घरी मेहुण्याची सोयरीक जमलेली. पाहुण्यांना टर्किश टॉवेल मिळाले होते. छत्र्या मी मागितल्या नाहीत.

पुढं परदेशाचे बरेच ग्रुप नेले. बॅगा अजूनही दत्तूच्याच काट्यावर तोलतो. फक्त तो पुकारतो तेव्हा मी कान बंद ठेवतो आणि वाकून काटा स्वतः बघतो.