शून्य रुपयांची पावती

आमच्या साडूंना स्वर्गाच्या दारात नेऊन उभं केलं, तर आत पाऊल टाकण्याआधी ते दरांचा फलक कुठे लावलाय ते विचारतील. फलक नसेल तर आत जाणार नाहीत. आणि एवढ्यावर भागणार नाही, मागे रांगेत उभ्या असलेल्या पुण्यवंतांनाही जाऊ देणार नाहीत. चौतीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली. पैसे घेतले की तिकीट द्यायचं, आणि पाळी संपल्यावर बॅगेत हिशोबापेक्षा चार पैसे जास्त निघाले तरी चोर ठरायचं, अशा शिस्तीत मुरलेला माणूस. निवृत्तीनंतर खाकी कपडे गेले, मुरलेपण काही गेलं नाही. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे अक्का, ही त्यांची बायको. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. मनात काय काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

न्हाव्याकडे दाढी केली तरी ते पावती मागतात. न्हाव्याने एकदा वैतागून वर्तमानपत्राच्या कपट्यावर 'दाढी मिळाली' असं लिहून दिलं, तर यांनी ते दुरुस्त करून 'दाढीचे पैसे मिळाले' असं करून घेतलं आणि खाली सही मागितली. लग्नात आहेराचं पाकीट देताना लिहून घेणारा माणूस कुठे बसलाय ते आधी शोधतात. एकदा आम्ही दोन्ही घरची माणसं माहूरला निघालो होतो. जीपवाला म्हणाला, यात्रा हाय, आज भाडं जादा. झालं! साडूंनी जीप थांबवली. "दर वाढला असल तर गाडीवर लिव्ह. लिव्हलं न्हाई तर जुना घे. तोंडी भाव बैलबाजारात चालतेत, गाडीत न्हाई." जीपवाला ऐकेना. तेव्हा यांनी आम्हालाच नव्हे, तर ओळखदेख नसलेल्या पाच माणसांनाही खाली उतरवलं आणि एसटी येईपर्यंत तीन तास उन्हात उभं केलं. गंमत अशी की त्या पाचांपैकी एकानेही तक्रार केली नाही. यांनी "पुढं सरका, पुढं सरका," म्हणताच प्रत्येक जण एसटीतल्या सवयीने पिशव्या सांभाळत पुढे सरकला. देवीपुढे हात जोडताना मी मात्र एकच मागणं मागितलं, की यांना आता जरा गप्प बसव.

देवीने ऐकलं नाही. उलट साडूंनी घर बांधायला काढलं.

गावाचं नाव सांगत नाही. लातूर आणि नांदेडच्या शिवेवरचं, अहमदपूरहून सकाळच्या गाडीने निघालं तर चहाच्या वेळेला पोचता येईल असं ते गाव, एवढं पुरे. बदल्यांच्या नोकरीत अक्काने उदगीरपासून देगलूरपर्यंत भाड्याच्या खोल्यांत संसार केला होता. तिला एकच हवं होतं, स्वतःचं स्वयंपाकघर. प्लॉट घेतला. बांधकाम परवानगीचे पैसे साडूंनी खिडकीवर भरले, पावती घेतली, तिला प्लास्टिकचं वेष्टण चढवलं. रशीद मिस्त्रीने जोता उचलला, आणि तिथे घोडं अडलं. जोत्याची तपासणी व्हायची होती. तपासून शेरा मिळाल्याशिवाय पुढच्या भिंती उचलता येत नव्हत्या. नगरपालिकेतला कारकून म्हणाला, "काका, साहेबांच्या गाडीचं काय ते बघा, उद्या येतेत." साडूंनी विचारलं, "गाडीचं म्हंजे किती? आन् कुठं लिव्हलंय?" कारकून हसला. असल्या प्रश्नाला हसतात हे साडूंना माहीत नव्हतं. ते उत्तराची वाट बघत तिथेच उभे राहिले, थेट कार्यालय बंद होईपर्यंत.

मग त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला: कोणत्या तपासणीला किती शुल्क? महिन्याभराने उत्तर आलं, की सदर दर कार्यालयाच्या दर्शनी भागातील फलकावर प्रसिद्ध केलेले आहेत. साडूंनी ते उत्तर हातात धरून दर्शनी भाग सकाळपासून दुपारपर्यंत तपासला. भिंतीवर चार खिळे सापडले आणि त्यांच्यामध्ये न विटलेल्या रंगाचा एक चौकोन. फलक होता याचा पुरावा मिळाला, फलक मिळेना. तीन दिवस ते शोधत होते. चौथ्या दिवशी मला लातूरला फोन: "साडू, ताबडतोब या. वही आणा." मी घाबरून गेलो, तर हे नगरपालिकेच्या मागच्या स्कूटर स्टँडमध्ये मान वर करून उभे. स्टँडचं छप्पर गळत होतं म्हणून कुणीतरी तो पत्र्याचा फलक उपडा करून वर ठोकला होता. इतकी वर्षं सगळं गाव त्या दरांच्या खाली गाड्या लावत होतं आणि एकानेही वर पाहिलं नव्हतं. साडू वाचून दाखवत होते, मी लिहून घेत होतो. छाननी शुल्क अमुक, विकास शुल्क तमुक. शेवटून दुसऱ्या ओळीवर ते थांबले, चष्मा पुसला आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "जोते तपासणी, निःशुल्क!"

त्यांना वाटलं, जिंकलो. कारकून म्हणाला, "ते जुने दर हायेत काका."

"मग नवे लावा."

"वरून आले की लावू."

"तोवर जुने चालतेत. एसटीत नवा दर येईस्तोवर जुनंच तिकीट चालतंय."

"ही एसटी न्हाई, काका."

"ते दिसूनच राहिलंय," साडू म्हणाले.

महिने जात राहिले. जोत्यावर गवत उगवलं, गवतावर शेजाऱ्याच्या शेळ्या आल्या. रशीद मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाला, "साब, तुम समझाव ना. चचा का उसूल अच्छा है, पन उसूल पे स्लॅब नई पडता." त्याच संध्याकाळी अक्काने माझ्यापुढे चहा ठेवला आणि स्वतः दाराला टेकून उभी राहिली. ही बाई कधी तक्रार करत नाही. म्हणाली, "भाऊजी, बत्तीस वर्षं झाली. दुसऱ्याच्या भिंतीत खिळा मारायचा तर इचारून मारून राहिले मी. आता गुडघे चालंनात. हे घर मला वर गेल्यावर पाह्यजे का?"

मला ते सहन झालं नाही. सगळं जग असंच घरं बांधतं, मग या एका बाईनेच का थांबायचं? दुसऱ्या दिवशी मी कारकुनाला पाकीट दिलं. गाडीचं. तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब जोत्यावर हजर! टेप लावली, हसले, "छान काम" म्हणाले, शेरा लिहून गेले. अक्काने साखर वाटली. साडू मात्र शेरा हातात धरून शेळ्यांकडे बघत उभे. मग माझ्याकडे वळले. चौतीस वर्षं त्यांनी विनातिकीट माणसाचे डोळे ओळखले होते. माझे ओळखायला त्यांना कितीसा वेळ लागणार? फक्त एवढंच म्हणाले, "चला."

नगरपालिकेत गर्दीची वेळ होती. साडू खिडकीपाशी गेले आणि बसच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो जुना आवाज त्यांनी काढला. "माझ्या साडूनं इथं पैशे दिले. त्याचं तिकीट फाडा. फाटत नसल तर पैशे परत द्या. तिसरा रस्ता न्हाई." कारकून पांढराफटक पडला. "काका, हळू बोला." "कामून हळू? मी पैशे दिले का घेतले?" आणि ते रांगेकडे वळले. "पैशे दिले आन् तिकीट भेटलं न्हाई, असं कोण कोण हाय? हात वर करा!" आधी कुणी हललं नाही. मग पत्र्याच्या खोलीचा अर्ज घेऊन आलेल्या एका बाईने हात वर केला. तिच्यामागे एक म्हातारा. मग एकेक करत निम्मी रांग. मी जमिनीकडे बघत होतो. कारकुनाने ड्रॉवरमधून पाकीट काढलं, "गैरसमज झाला," म्हणत पुढे केलं. मला वाटलं, सुटलो. पण साडू आता खरे तापले होते. त्यांनी तो शेराही खिडकीतून आत सरकवला. "हा बी रद्द करा. विनातिकीट प्रवास मी करत न्हाई. बिगरपैशाची तपासणी घ्या, परत घ्या, आन् तशी पावती द्या."

अक्का त्यांच्याशी महिनाभर बोलली नाही. साडू माझ्याशी चार महिने. त्या काळात त्यांनी एकच बांधकाम केलं: प्लॉटच्या कडेला आठ फुटांची भिंत उभी केली आणि तिच्यावर पेंटरकडून ते सगळे दर रंगवून घेतले. खाली ओळ, 'नवे दर कळल्यास बदलले जातील.' लोक अर्ज द्यायला जाताना आधी भिंतीपाशी थांबू लागले. कुणी फोटो काढे, कुणी पोराकडून वाचून घेई, आणि मग खिडकीवर जाऊन विचारी, की भिंतीवर तर असं लिहिलंय. एका भिंतीशी किती दिवस भांडणार? एका सोमवारी नगरपालिकेच्या दर्शनी भागात त्याच चार खिळ्यांवर नवा फलक लागला. जोते तपासणी अजूनही निःशुल्कच होती. साहेब पुन्हा आले, या वेळी न हसता, आणि साडूंच्या हातात रीतसर पावती पडली: रुपये शून्य फक्त. अशी पावती मिळवलेला दुसरा माणूस आमच्या दोन्ही जिल्ह्यांत नसावा.

वास्तुशांतीला आम्ही गेलो. साडूंनी दारातच मला मिठी मारली आणि "पुढं सरका, पुढं सरका," म्हणत आत घेतलं. मला भरून आलं, हे कबूल करतो. या माणसाचा मला राग येतो, त्याची भीती वाटते, आणि असा एक तरी माणूस आपल्या नात्यात आहे याचा अभिमानही वाटतो. अक्का स्वयंपाकघरात स्टुलावर बसून पुऱ्या तळत होती. उभं राहवत नव्हतं तिला. मी म्हटलं, "अक्का, दीड वर्ष गेलं की हो तुमचं." तिने झारा निथळला. "गेलं की. लई शिव्या दिल्या मी ह्यांना. पर खरं सांगू का भाऊजी? ह्या घरात कुणी बी येऊन काय बी इचारावं. मला काईच लपवायचं न्हाई."

संध्याकाळी आम्ही लातूरकडे निघालो. अहमदपूर मागे पडल्यावर बायको म्हणाली, "अहो, आपलं घर बांधलं तेव्हा तुम्ही किती दिले होते?" एकोणीस वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं.

आता आठवत नाही, असं मी म्हणालो. आठवत होतं.