मागचं माणूस बोलतंय तोवर

माझं आयुष्य बदललं ते एका अर्जाच्या शेवटच्या ओळीवर. पेडण्याच्या मैदानाला लागून असलेल्या खोलीत बसून मी तो अर्ज भरत होतो. नाव, गाव, वय, परवाना आहे की नाही, हे सगळं छापलेलं होतं. सगळ्यात खाली मात्र निळ्या शाईने, हाताने लिहिलेला एक प्रश्न होता : शेवटचे कधी पडलात, आणि त्या वेळी मागे बसलेले माणूस काय बोलत होते?

मी लिहिलं, "नार्वेच्या धक्क्यावर. काही बोलत नव्हती."

टेबलापलीकडे बसलेल्या गृहस्थांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, कधीपासून बोलत नव्हती? मी आठवून सांगितलं, पाळी गाव सुटल्यापासून.

"मग पुता, तू पाळीकच पडलस," ते म्हणाले. "धक्क्यार फक्त गाडी पडली."

श्री. सगुण गांवस यांची आणि माझी ही पहिली ओळख. सगुणभाऊंना आता पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्यांच्यासाठी निघणाऱ्या या ग्रंथात मोठमोठी माणसं लिहिणार आहेत. ग्रंथाच्या समितीतल्या मास्तरांनी मला लिहायला सांगितलं तेव्हा दोन गोष्टी बजावल्या. भाषा नीट ठेव आणि स्वतःबद्दल कमी लिही. पहिली पाळायचा प्रयत्न करतो. दुसरी जमणार नाही, कारण सगुणभाऊंचं काम माझ्यावरच झालेलं आहे आणि मला तेवढंच नीट माहीत आहे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी एवढं सांगायला हवं की आमच्याकडे मोटारसायकलवर भाडं नेणाऱ्या माणसाला पायलट म्हणतात. पुढचं मडगार्ड पिवळं असतं, त्यावरून ओळखायचं. पार्से गावचे सगुणभाऊ तीस-बत्तीस वर्षं पेडण्याच्या स्टँडवर पायलट होते. बाजारातल्या बायका नारळाच्या पिशव्या घेऊन त्यांच्या मागे बसल्या, बाळंतपणाला निघालेल्या लेकी बसल्या, पहिल्या दिवशी शाळेत रुजू व्हायला आलेले मास्तर बसले. स्वतःची फेरी बंद केल्यावर त्यांनी दर रविवारी दुचाकी चालवण्याचा वर्ग सुरू केला. कोणी म्हणतं, हा सुरक्षेचा वर्ग. ते स्वतः एवढंच म्हणतात की मी भाडं न्यायला शिकवतो. त्यांचं म्हणणं असं की मागे आई बसली तरी ती भाडंच. ती तुमच्या भरवशावर बसलेली असते आणि तिच्या हातात ब्रेक नसतो.

मी त्या वर्गाला गेलो ते काही सुधारायला नाही. खरं सांगायचं तर कागद मिळवायला गेलो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी हजेरीवरून वाद झाला आणि मी दार आपटून बाहेर पडलो ते परत गेलोच नाही. त्या दाराची काच माझ्यामुळे तडकली. त्याच कॉलेजात पाळीची एक मुलगी होती. तिचं नाव इथे छापायचं नाही असं तिनेच सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. मी कॉलेज सोडलं तरी आमचं भेटणं सुटलं नव्हतं. ती माझ्या मागे बसायची आणि बसली की गप्प व्हायची. मी आणखी जोरात हाणायचो. मला वाटायचं, इतकी सुखात आहे की शब्द सुचत नाहीत.

त्या दिवशी तिला पाळीहून घेऊन नार्वेवरून नदीपलीकडच्या दिवाडी बेटावर जायचं होतं. फेरीबोट सुटत होती, तिची फळी वर उचलली जात होती. आमच्या नार्वेच्या पोरांना एक खोड आहे, सुटलेली फेरीबोट पकडायची. मीही तेच करायला गेलो. धक्क्याच्या उतारावर शेवाळ होतं. मागचं चाक घसरलं, गाडी आडवी झाली, माझं मनगट मोडलं, तिचं कोपर सोललं आणि तिची एक चप्पल नदीतून वाहून गेली. फेरीबोटीवरची माणसं कठड्याला रेलून बघत होती. ती उठली, उरलेली चप्पल हातात घेतली आणि म्हणाली, "मी पुन्हा तुझ्या मागे बसणार नाही." मग अनवाणी चालत बसथांब्यावर गेली. मी हाका मारल्या. तिने वळून बघितलं नाही.

तेव्हा मला वाटलं, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र दाखवलं की ती विरघळेल. प्लॅस्टर निघाल्यावर मी अर्ज भरला तो यासाठी. गाडीची किल्ली आईने धान्याच्या डब्यात लपवून ठेवली होती, त्यामुळे मोटारसायकल शिकायला मी नार्वेहून पेडण्यापर्यंत बस बदलत जात होतो. यावर कंडक्टरनेही हसून घेतलं.

पहिल्या रविवारी सगुणभाऊंनी मला गाडीला हातच लावू दिला नाही. चार रविवार मागेच बसायचं, असा त्यांचा नियम आहे. ज्याला मागे बसता येत नाही त्याला पुढे बसू देत नाहीत. माझ्या पुढच्या सीटवर त्यांनी मल्लाप्पाला बसवलं. हा बेळगावकडचा, तुयेला कारखान्यात कामाला, गाडी धरून त्याला महिना झाला नव्हता. मी आठवीपासून गाडी चालवतोय आणि याच्या मागे बसायचं? मी तडक खोलीत आलो, पिशवी उचलली आणि बाहेर पडताना दार आपटलं. पत्र्याचं दार ते, आपटलं की कडी न बसता परत उघडतं. दोनदा आपटलं, दोनदा उघडलं.

सगुणभाऊ मागून आले. मला वाटलं ओरडतील किंवा समजूत घालतील. त्यांनी दाराकडे बघितलं आणि म्हणाले, "जायचां तर जा. पण दार लाव नि जा." मी पुन्हा ओढलं, पुन्हा उघडलं. मग त्यांनी माझ्या मुठीवर आपला हात ठेवला, दार चौकटीपर्यंत आणलं आणि कडी बसल्याचा आवाज येईपर्यंत हात तसाच ठेवला. मग हळूहळू काढला. "क्लच असोच सोडतत," म्हणाले. एवढंच. माझ्याकडून ते त्यांनी सात-आठ वेळा करून घेतलं. दार आतून लागलं होतं की बाहेरून, मला आठवत नाही, पण शेवटी मी आतच होतो. मग चार रविवार मल्लाप्पाच्या मागे बसलो.

मागे बसल्यावर कळतं की आपल्याला खड्डा दिसत नाही, नुसता बसतो. पुढच्याने कधी ब्रेक दाबायचं ठरवलं ते आपल्याला शेवटी कळतं. पहिल्या वळणाला मी गप्प झालो आणि माझं मलाच ऐकू आलं की मी गप्प झालोय. पाळी ते नार्वे मला तिथे आठवलं.

सगुणभाऊंचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे. मागचं माणूस बोलत राहिलं पाहिजे आणि त्याचं बोलणं तुम्हाला ऐकू आलं पाहिजे, तोच खरा वेग. बोलणं तुटलं की वेग चुकला, अंतर चुकलं किंवा वळण चुकलं, आधी कमी करा आणि मग शोधा. हे त्यांनी पुस्तकातून घेतलेलं नाही. एकदा पार्सेला त्यांच्या घरी गेलो असताना सुमतीकाकींनी, म्हणजे भाऊंच्या पत्नींनी, चहा आणि उंडे पाव पुढे ठेवत त्याचं मूळ सांगितलं. लग्नानंतर भाऊ त्यांना पहिल्यांदा मोटारसायकलवरून माहेरून घेऊन आले. त्या वाटभर गप्प. भाऊ खूश, गाडी आणखी जोरात. घरी उतरल्यावर दिसलं की काकींनी ओठ चावून रक्त काढलंय.

"मी लाजतंय असां ह्यांका वाटलां," काकी म्हणाल्या. "मी देवी सातेरीक गाराणां घालत होतंय."

भाऊ उंडा चहात बुडवत बसले होते, मान वर केली नाही. जे माझ्यावर बेतलं ते त्यांच्यावरही बेतलं होतं, आणि पन्नास वर्षं ते ही गोष्ट काकींना लोकांसमोर सांगू देतात. मी अजून माझ्या चुका माझ्यासमोरसुद्धा नीट सांगू शकत नव्हतो. त्या दिवशी मला त्यांचा मोठेपणा कळला.

त्यांच्या वर्गाची परीक्षाही तशीच. शेवटी ज्याला तुमच्या मागे बसायची भीती वाटते असं माणूस आणायचं, दोन हेल्मेट घालायची, मैदानापासून पार्सेपर्यंत जाऊन परत यायचं. परीक्षक भाऊ नसतात, मागचं माणूस असतं. प्रमाणपत्रावर सहीसुद्धा त्याचीच खाली लागते. मल्लाप्पाने बायकोला आणलं. ती जाताना-येताना कानडीत बोलत होती आणि परत आल्यावरही थांबली नाही. भाऊंना कानडीचा एक शब्द येत नाही. त्यांनी लगेच पास केलं.

मी भाऊंना गळ घातली की तुम्हीच पाळीला फोन करा, तुमचं ती ऐकेल, तिला परीक्षेला यायला सांगा. माझ्यासाठी त्यांनी काय काय केलं होतं. माझं मनगट दुखतं म्हणून स्वतः तेलाची बाटली आणून दिली होती, डिचोलीच्या गॅरेजमध्ये शब्द टाकून मला काम मिळवून दिलं होतं. एक फोन ते सहज करतील असं मला वाटलं. ते नाही म्हणाले. मी चिडलो. त्यांनी मला स्टँडवरच्या माणसासारखं समजावलं.

"पायलटान भाड्याक ओढून बसवचां नसतां," ते म्हणाले. "भाड्यान हात केल्यार थांबचां."

"आणि हात नाही केला तर?"

"तर सरळ जावचां. वळान बघूक नाय. नदर रस्त्यार."

मी त्या संध्याकाळी तिला एकच निरोप लिहिला, की मागे बसून तुला काय वाटत होतं ते मला आता माहीत आहे आणि यापुढे तू हात केल्याशिवाय मी थांबणार नाही. मग पुन्हा काही लिहिलं नाही. माझ्यासारख्याला हे किती जड गेलं ते माझ्या आईला विचारा.

परीक्षेला आईलाच नेलं. तीही कधी माझ्या मागे बसत नव्हती, बाजाराला जाताना पायलट करायची. पार्सेच्या वाटेला लागेपर्यंत ती छान बोलत होती. मग कॉलेजचा विषय काढला. शिकला असतास तर, असं सुरू झालं आणि माझ्या मुठीने ॲक्सिलरेटर कधी पिळला मला कळलं नाही. परत आल्यावर भाऊंनी आईला विचारलं, खंय गप्प झालास?

"त्या काजीच्या झाडाकडे," आई म्हणाली. "शिव्या घालतंय त्या ऐकाक येव नयेत म्हणान गाडी पळवली ह्येना."

नापास. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. आईने या वेळी त्या काजूच्या झाडाकडेच मुद्दाम कॉलेज काढलं, मग माझं गॅरेज काढलं, मग पाळीसुद्धा काढली. मी ऐकत गेलो. सगळं ऐकू येत होतं, म्हणजे वेग बरोबर होता. मैदानावर उतरून हेल्मेट काढलं तरी तिचं बोलणं संपलं नव्हतं आणि भाऊंना सही घ्यायला थांबावं लागलं. माझ्या प्रमाणपत्रावर आईची सही आहे, तिरकी, शाई फुटलेली. ती मी कोणाला दाखवायला नेली नाही.

भाऊंनी मला कधी कॉलेजला परत जा म्हटलं नाही आणि जाऊ नकोही म्हटलं नाही. पण बाहेरून परीक्षा देता येते का, याची चौकशी मी आता करतोय. हेही इथे लिहून ठेवतो, म्हणजे मास्तर मला सोडणार नाहीत.

श्री. सगुण गांवस यांना निरोगी, भरपूर आयुष्य मिळो. त्यांचे गुडघे त्यांना साथ देवोत, पिवळ्या मडगार्डचा रंग असाच राहो, आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाताना सुमतीकाकी त्यांच्या मागे बसून अजून पुष्कळ वर्षं न थांबता बोलत राहोत. तेवढं त्यांना मिळालं की बाकी आम्हा सगळ्यांना आपोआप मिळेल.

हा लेख आज रविवारी पार्सेला समितीकडे द्यायचा आहे, शेवटची मुदत आहे. परवा, इतक्या महिन्यांनी, पाळीहून निरोप आला. "रविवारी दहाला पाळीच्या थांब्यावर असेन. हात केला तर थांब. नाही केला तर सरळ जा." मी लिहिलं, बरं. आणखी काही लिहिलं नाही. थांबायचं असेल तर कसं थांबायचं ते मला येतं आणि सरळ जायचं झालं तर तेही येतं. दोन्ही भाऊंनीच शिकवलंय.

आता नऊ वाजलेत. पाळी इथून चाळीस मिनिटं, माझ्या पूर्वीच्या वेगाने वीस. कागद पिशवीत घालतो. दोन हेल्मेट घेतो. आई विचारते, दोन कित्याक? मी म्हणतो, असूंदेत. बाहेर येतो, दार ओढून घेतो आणि कडी बसल्याचा आवाज येईपर्यंत मूठ सोडत नाही.